यंत्र चित्र काढतं, मग माझ्या मुलाने काय करायचं?

"मॅडम, आता कॉम्प्युटरच डिझाइन करून रायला म्हणतात. मंग माह्या पोराच्या शिक्षणाचं काय?"

गेल्या दोन-तीन वर्षांत समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतोय. कधी आर्वीजवळच्या खेड्यातला बाप, कधी पुलगावची आई, कधी सुट्टीत घरी आलेली मुलगी स्वतःच. कोणी अ‍ॅनिमेशन शिकलेलं असतं, कोणी आर्किटेक्चर. पण सगळ्यात जास्त धसका घेतलेली मुलं मला इंडस्ट्रियल डिझाइनची, म्हणजे कारखान्यात बनणारी वस्तू कशी असावी हे ठरवायला शिकलेली दिसतात. त्याला कारण आहे. हे शिक्षण नेमकं कशाचं, हेच गावात कुणाला माहीत नसतं. "पोरगा मिक्सरचा आकार काढते" एवढं बापाने समजून घेतलेलं असतं आणि चारचौघांत सांगितलेलं असतं. तेवढंच काम आता एका मिनिटात होतं, असा व्हिडिओ शेजारचा माणूस मोबाइलवर दाखवून जातो. मग घरात कोणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागतं.

यातल्याच एका मुलाबद्दल लिहिते. त्याची संमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं. पुण्याच्या एका स्टुडिओत तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंची रेंडर करायचा, म्हणजे वस्तू बनण्याआधी ती कशी दिसेल याची हुबेहूब चित्रं. स्टुडिओने नवी मुलं कमी केली, त्यात तो घरी आला. गावात सांगितलं, 'घरून काम चालू आहे.' रात्रभर लॅपटॉप, दिवसभर झोप. शेवटी बापच त्याला घेऊन आला.

सगळ्यात आधी मी झोप, जेवण आणि मरणाचे विचार याबद्दल विचारते. स्पष्ट शब्दांत विचारते. आपल्या भागात हा प्रश्न टाळायची चैन कुणालाच परवडत नाही. त्याच्या मनात तसं नव्हतं. पण तुमच्या घरात कुणाच्या बोलण्यात तसं आलं, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग तो बोलायला लागला.

"ज्या रेंडरला मला दोन दिवस लागायचे, ते आता एका मिनिटात होतं. तेही चार-चार. चार वर्षं, बाबांचं कर्ज, आणि शिकलो काय? जे फुकट मिळतं ते."

इथे नातेवाईक, मित्र, सगळे एकच वाक्य बोलतात: 'यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही रे.' मी हे वाक्य बोलत नाही, कारण ते खरं नाही. २०२२ पासून शब्दांवरून चित्र काढणारी साधनं सगळ्यांच्या हातात आली आणि नवख्या डिझायनरचं बरंचसं काम त्यांनी खरोखरच घेतलं. ज्याचं नुकसान झालंय त्याला 'झालंच नाही' म्हणून सांगितलं, की तो आणखी एकटा पडतो.

माझं काम एका विश्वासावर उभं आहे. घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपला एक विचार असतो आणि तो विचार तपासता येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत मला कापसाच्या पट्ट्यातही तितकीच उपयोगी पडलेली आहे. या मुलाचा विचार होता, 'चित्र म्हणजेच मी.' नोकरी गेली ही घटना. तो पलंगावरून उठत नव्हता तो या विचारामुळे.

म्हणून मी त्याला म्हटलं, तुझ्या धंद्याचा इतिहास मला सांग, मला यातलं फार कळत नाही. त्याने सांगितला, आणि छान सांगितला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत सुधाकर नाडकर्णींनी औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू केलं. तेव्हा ड्रॉइंग बोर्ड, शाई, मातीची आणि लाकडाची मॉडेल. मग कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग आलं. थ्रीडी प्रिंटिंगच्या सगळ्यात चालणाऱ्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ साली संपलं आणि ती यंत्रं कॉलेजांतसुद्धा आली.

"दर वेळी कोण मागे राहिलं?" मी विचारलं.

"ज्यांचं काम फक्त रेषा ओढणं होतं ते." आणि मग खाली बघत, "म्हणजे आता मी."

मी ते खोडून काढलं नाही. पुढच्या वेळी त्याच्या हातात एक कागद ठेवला.

वर्धा जिल्ह्यात राहून चरख्याबद्दल कोण ऐकत नाही? पण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी मी कागदावर लिहून आणल्या होत्या. चरखा हलका असावा, सहज उचलून नेता यावा. हाताने किंवा पायाने, खेड्यातल्या साध्या घरात चालवता यावा. बाईला फार न थकता सलग ८ तास त्यावर काम करता यावं. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालावा. दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

त्याने कागद एकदा वाचला. मग पेन मागितलं आणि एकेका अटीखाली रेघ मारत पुन्हा वाचला.

"मॅडम, तो कसा दिसावा हे यात कुठंच नाही."

"नाही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. या कामात मी एक गोष्ट शिकले आहे आणि तिचा मला अभिमान आहे. समोरचा माणूस स्वतःशी बोलत असेल तर मी मध्ये पडत नाही. पंखा फिरत होता, बाहेर एसटी लागली होती, बापाचं खोकणं ऐकू येत होतं. मी घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"हे ५ टक्के कुणीतरी हिशोब करून काढले असतील," तो म्हणाला. "सुताराची मजुरी किती, बाई सुतातून कमावते किती. आणि हे ८ तास... कुणाला कातताना बघितल्याशिवाय हे नाही लिहिता येत." मग कागद खाली ठेवला. "मी आजपर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेल्या अटी वाचल्या आणि चित्रं काढली. अट कधी लिहिलीच नाही."

मी फक्त एवढंच विचारलं, "यंत्राने तुझं काय घेतलं मग?"

"चित्र."

ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही, हेही मी त्याला सांगितलं. तो हसला. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

मला त्या दिवशी जे उमगलं ते नंतर कितीतरी मुलांच्या कामी आलं. 'तू म्हणजे तुझं चित्र नाहीस' असं मी त्याला दहा वेळा सांगितलं असतं तरी तो उपदेश झाला असता. त्याच्याच धंद्यातला एक अस्सल कागद हातात पडला आणि त्याने तो स्वतःच्या डोळ्याने वाचला. विचार बदलायचा तर पुरावा त्या माणसाच्या कामातूनच यावा लागतो. भीती कामाबद्दल असेल तर मी आता भावनांवर फार वेळ थांबत नाही, सरळ कामाच्या टेबलाशी जाते.

घरी करायला त्याला एक काम दिलं. पोर्टफोलिओचं, म्हणजे आपलं काम दाखवायच्या वहीचं, प्रत्येक पान काढायचं आणि त्यावर लिहायचं, इथे काय ठरवलं गेलं आणि कुणी. बहुतेक पानांवर त्याने 'क्लायंट' लिहून आणलं. हे बघून तो खचेल असं बापाला वाटलं होतं. एका पानावर मात्र 'मी' होतं. हेल्मेटच्या हनुवटीखालचं बकल. पार्सल पोचवणाऱ्या मुलांना हातमोजे घालून ते निघत नव्हतं. हे याने पेट्रोल पंपावर उभं राहून बघितलं होतं आणि बकलची जीभ मोठी केली होती. त्या पानावरचं चित्र सगळ्यात साधं होतं.

फवारणीचे दिवस आले तेव्हा तो काकाबरोबर वावरात गेला. मी सुचवलं नव्हतं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी कितीतरी कारणं पुढे आली. हे आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्याने पाठीवरच्या १६ लिटरच्या चार्जिंग पंपाबद्दल पानभर लिहून आणलं. चित्र एकही नाही, नुसत्या अटी. झाकण ओल्या हाताने, हातमोजा घालून बसवता यावं आणि नीट बसलं की हाताला कळावं. काका वाकला की वॉशरमधून औषध मानेवर येतं, ते येऊ नये. वॉशर गावातल्या दुकानात मिळावं, त्यासाठी तालुक्याला जावं लागू नये. आई बकेटीने पाणी ओतते, तेव्हा तोंडाशी सांडलेलं तिच्या पायावर न येता बाहेर जावं. भरलेला पंप एकट्याला पाठीवर घेता यावा.

मग या अटी त्याने त्याच चित्र काढणाऱ्या यंत्राला दिल्या. झक्क पंप आले. "दिसायला एक नंबर, मॅडम. पण एकाचंही झाकण वाकल्यावर टिकलं नसतं." या वेळी तो घाबरलेला नव्हता. त्याने त्यातले दोन आकार ठेवले, बाकीचे काढून टाकले आणि झाकणावर कामाला लागला.

आता ज्यांची मुलं या क्षेत्रात आहेत त्यांच्यासाठी, आणि त्या मुलांसाठीही.

ही साधनं शिका, त्यात लाज नाही. पहिले पन्नास पर्याय यंत्राकडून घ्या आणि वाचलेला वेळ वर्कशॉपमध्ये घालवा. प्लॅस्टिकची भिंत किती जाड ठेवायची, साच्यातून वस्तू सुटण्यासाठी किती उतार द्यायचा, हे ज्याला हाताने कळतं त्याला कारखानदार विचारतो, कारण साच्याला लाखो रुपये लागतात आणि चूक पोलादात बसली की तिथेच राहते. दुरुस्ती शिका. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं असे विषय घेतले. उघडता येणारी, सुटा भाग मिळणारी वस्तू बनवणं हे पुढचं मोठं काम आहे आणि आपल्या गावातला पंप दुरुस्त करणारा माणूस त्यातला उत्तम शिक्षक आहे.

या व्यवसायाच्या जागतिक संघटनेने २०१५ साली आपली व्याख्या बदलली आणि वस्तूंबरोबर व्यवस्था, सेवा आणि अनुभवही त्यात घेतले. म्हणजे आरोग्य केंद्रातली रांग, कापूस खरेदी केंद्रावरची पावती, हेही डिझायनरचं काम झालं. पोर्टफोलिओत चकचकीत चित्रांपेक्षा काय बघितलं, काय ठरवलं आणि काय फसलं ते दाखवा. स्वतःचा आकार असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदवा. १० वर्षं हक्क मिळतो, आणखी ५ वर्षं वाढवता येतो. आणि पुण्याला परत जायचंच असेल तर जा, पण जाण्याआधी आपल्याकडचं बघून घ्या. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल आहे, मेळघाटात लवाद्याचं बांबू केंद्र आहे.

पैशाचं खोटं सांगणार नाही. हा मुलगा सध्या अमरावतीच्या एका अवजारं बनवणाऱ्याकडे आठवड्यातले काही दिवस जातो आणि बाकी दिवस बाहेरची छोटी कामं घेतो. पुण्यापेक्षा कमी मिळतं, आणि दर महिन्याला सारखं मिळत नाही. नवा पंप बनवायला कुणी तयार झालं नाही, साच्याचा खर्च ऐकून बोलणं थांबतं. म्हणून तो बाजारातल्या जुन्या पंपांवर बसेल असं फक्त झाकण करतोय.

बाप परवा एकटाच आला होता. "मंग पक्कं काय धरू, मॅडम?" मी त्यांना म्हटलं, काका, पगार पक्का धरू नका, पोरगं सकाळी उठून कामाला लागते ते धरा. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. होणारही नाही एवढ्यात, कर्जाचा हप्ता त्यांच्या नावावर आहे.

आईवडिलांना मी एकच बदल सुचवते. संध्याकाळी 'नोकरीचं काय झालं' हे विचारायचं काही दिवस सोडा. त्याऐवजी विचारा, आज कुणाला काम करताना बघितलंस? त्याला काय अडलं? तू काय ठरवलंस? पहिले काही दिवस मूल चिडेल, उत्तर देणार नाही. विचारत राहा. घरातलं बोलणंच बंद पडलं असेल तर भेटायला या, पण मुलाला एकट्याला पाठवू नका, सोबत या.