ग्राफिंग कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा?

देवगडहून एका ताईंनी विचारलंय: मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. मुंबईचे नातेवाईक ग्राफिंग कॅल्क्युलेटर (स्क्रीनवर आलेख काढून दाखवणारा) आणि गाइडांचा अख्खा संच घ्या म्हणतात. कोणता घ्यावा?

ताई, कॅल्क्युलेटर घेऊच नका. एमएचटी-सीईटी (इंजिनीअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा) आणि जेईई मेनला (तीच देशपातळीवरची) तो आत नेता येत नाही, बारावी बोर्डाच्या गणितालाही चालत नाही. ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो तो अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅटसारख्या परीक्षांना, आणि सॅटमध्येही हल्ली डेस्मॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर परीक्षेच्या स्क्रीनवरच मिळतो. इंजिनीअरिंगला गेल्यावर साधा सायंटिफिक लागेल, तो तेव्हा बघू.

सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. रीत येत असूनही मुलं आकडेमोडीत अडकतात, कारण वर्षभर गृहपाठ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलेला असतो. तो आजपासून बंद. 30 पर्यंतचे वर्ग, 15 पर्यंतचे घन, त्रिकोणमितीच्या किमती तोंडपाठ हव्यात. आलेख हातानेच काढायचे, कच्चे चालतील, पण छेदबिंदू नेमके हवेत. y² = 4x आणि x² = 4y हे दोन वक्र (0, 0) आणि (4, 4) ला छेदतात हे दिसलं की मधलं क्षेत्रफळ 16/3 निघतं. यंत्र 5.333 दाखवील, पर्यायांत अपूर्णांकच असतो.

पुस्तकांचं म्हणाल तर आधी बालभारतीची. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत, पावसात रेंज जायच्या आत उतरवून ठेवा. सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीचे, पण सगळ्या धड्यांवर नसतात. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात पाहून त्या धड्यांवर खुणा करा. सोबत एकच एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्नांचा) संच, प्रत्येक उदाहरण सोडवून दाखवणारा. नुसती उत्तरसूची असेल तर चूक कुठे झाली ते कळत नाही. जेईईची जाडजूड गाइडं, तिकडे जायचं पक्कं ठरलं तरच.

परीक्षा संगणकावर असते, म्हणून बारावीत सराव पेपर स्क्रीनवर वाचून कोऱ्या कागदावर सोडवायचे. आकडे उतरवतानाच बऱ्याच चुका होतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडू नये. जेईई मेनला मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, तिथे ही सवय अंगलट येते.

आणि सीईटी साधारण एप्रिल-मे मध्ये, ऐन आंब्याच्या धांदलीत येते. घरी पेट्या भरायच्या असतील तर तिची उजळणी मार्चअखेर आटपेल असं बघा.