स्पितीची वाट : आधी वजनकाटा, मग खरेदी

प्रश्न : आम्ही दोन जोडपी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या फोर बाय फोर डिझेल गाडीने पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला जाणार आहोत. हॉटेलवर अवलंबून न राहता पाच-सहा रात्री तंबूत काढाव्यात आणि स्वयंपाकही स्वतःच करावा, असा विचार आहे. टपावरचा तंबू, विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र), डिझेलचे दोन कॅन आणि सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलचे नेटवर्क नसताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे यंत्र) हे हवेच, असे परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात. यांतले काय घ्यावे? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण सप्टेंबर निवडलात, हे उत्तम झाले. पावसाळ्यातल्या दरडींचा जोर तोवर ओसरू लागतो, नाल्यांचे पाणीही उतरते आणि काझा-मनाली वाटेवरची कुंझुम खिंड सहसा खुली असते. मात्र यादीतल्या चारही वस्तू विकत घेण्याआधी एक काम करावे. चौघांनी, नेहमीच्या सामानासह आणि भरलेल्या टाकीसह, गाडी मार्केट यार्ड किंवा चाकण परिसरातल्या एखाद्या वजनकाट्यावर उभी करावी आणि येणारा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनाशी ताडून पाहावा. चार प्रौढ माणसांचेच पावणेतीनशे-तीनशे किलो होतात. त्यात 40 लिटर पाणी म्हणजे आणखी 40 किलो, आणि शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण वेगळे. उरणारी जागा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फारच थोडी असते. जादा वजनाने स्प्रिंगा बसतात, ब्रेक तापतात आणि टायर दगडावर लवकर फाटतात. म्हणजे ज्या सामानाच्या भरवशावर आपण निघालो, तेच आपल्याला वाटेत अडकवते.

या हिशेबात टपावरचा तंबू मला पटत नाही. त्याचे पन्नास-साठ किलो नेमके तिथे बसतात जिथे ते नको असतात, आणि एका बाजूला कललेल्या वाटेवर तोल जाण्याचा धोका वाढतो. शिवाय त्यात दोघांचीच सोय होत असल्याने दुसऱ्या जोडप्याला जमिनीवरचा तंबू लागणारच आहे. मग दोन्ही जमिनीवरचेच घ्यावेत. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन घ्यावेत, चाळीसचा एक नको, कारण एक फुटला तरी दुसरा हाताशी राहतो. ते गाडीच्या तळाशी, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, पट्ट्याने आवळून ठेवावेत. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर धरले, तर हे पाणी दोन दिवस पुरते आणि मधल्या गावांत पुन्हा भरून घेता येते. ओढ्याचे पाणी घ्यावे लागले, तर ते गाळून, उकळी फुटल्यावर तीन मिनिटे तसेच उकळत ठेवावे.

डिझेलच्या कॅनांची या वाटेवर गरज नाही. किन्नौरमधले रेकाँग पिओ ते स्पितीतले मुख्य गाव काझा हे अंतर सुमारे 200 किलोमीटर आहे, काझ्याहून मनालीही जवळपास तेवढेच आहे आणि काझ्यात पंप आहे. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, गाडी लिटरला आठच किलोमीटर चालली, तरी या टप्प्याला 25 लिटर लागतात. म्हणून तिन्ही ठिकाणी टाकी काठोकाठ भरावी.

विंचचे पैसे टायरांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पंक्चरची पट्टी टायरच्या तळव्याला चालते, पण कडेला धारदार दगड लागून टायर फाटला तर ती निरुपयोगी ठरते. त्यामुळे पूर्ण मापाची स्टेपनी हवीच आणि जमल्यास दुसरी. हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर, फावडे, रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या दोन फळ्या आणि ओढण्याचा मजबूत पट्टा एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. हा पट्टा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडून माणसाचा जीव घेऊ शकतो. गाडी ओढण्यासाठी चासीला दिलेली कडीच वापरावी आणि त्या वेळी बाकीच्यांनी दूर उभे राहावे.

सॅटेलाइट मेसेंजरचा विचार पूर्ण सोडावा. सॅटेलाइट फोन असो वा मेसेंजर, परवान्याशिवाय तो बाळगणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि त्यापायी प्रवाशांना अटकही झाली आहे. त्याऐवजी पुण्यातल्या एका जबाबदार माणसाकडे रोजच्या मुक्कामाचा तक्ता द्यावा आणि किती तास फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे त्यावर लिहून ठेवावे.

यादीत राहून गेली आहे ती उंची. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, काझा साडेतीन हजारांच्या वर, तर कुंझुम साडेचार हजारांच्या. मनालीकडून चढलात तर शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. म्हणून किन्नौरमार्गे कल्पा, ताबो असे मुक्काम करत चढावे आणि मनालीकडे उतरावे. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ वाढत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरायला लागावे. नाले सकाळी लवकर ओलांडावेत, कारण दुपारच्या उन्हाने वरचे बर्फ वितळून पाणी चढते.

काझ्याच्या उंचीवर पाणी साधारण 87-88 अंशांनाच उकळते, त्यामुळे पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी ती टचटचीत राहते आणि गॅस मात्र संपतो. तीन लिटरचा कुकर न्यावा, मूगडाळीची खिचडी करावी. कितीही थंडी असली तरी शेगडी तंबूत पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे. तलावाच्या अलीकडे ठरवून दिलेल्या जागेवरच थांबावे.

प्रश्न : अशा प्रवासाआधी पुण्याजवळ सराव कुठे करावा? – एक वाचक, पौड रस्ता

उत्तर : मुळशी किंवा भोरकडे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, त्याला विचारून. वनजमिनीवर आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. कोकणातल्या पुळणीवर गाडी घालण्याचा मोह टाळावा. अनेक किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे आणि रुतलेली गाडी निघेपर्यंत भरती थांबत नाही. दोन रात्री राहावे, जवळच्या टपरीवर चहालाही जाऊ नये. रोज संध्याकाळी कॅनमध्ये किती पाणी उरले ते मोजून लिहावे, एक चाक अंधारात बॅटरीच्या उजेडात बदलून पाहावे. घरी परतल्यावर ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागला नाही ती बाजूला काढावी. औषधांची पेटी, स्टेपनी आणि ओढण्याचा पट्टा यांना मात्र हा नियम लावू नये.