सक्रिय, जागृत आणि ‘केंद्रक’मधला क

कोथरूडहून विचारणा आहे: मुलीच्या कॉलेजच्या प्रकल्पात ‘ॲक्टिव्ह गॅलॅक्टिक न्यूक्लिअस’साठी ‘सक्रिय आकाशगंगा’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. आकाशगंगा हे फक्त आपल्या घराचं, म्हणजे सूर्य ज्या ताऱ्यांच्या समूहात आहे त्याचं नाव. असे बाकीचे सगळे समूह म्हणजे दीर्घिका (गॅलॅक्सी). हिंदीत बऱ्याचदा दोन्हींना आकाशगंगाच म्हणतात, तिथून हा घोळ आपल्याकडे येतो. (संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. गंगेच्या शेजारी तळी, झकास जमलंय.)

खरी गंमत शेवटच्या ‘क’मध्ये आहे. केंद्र हा बिंदू, वर्तुळाला असतो तसा. केंद्रक ही वस्तू, पेशीत असते तशी. इथे वस्तूच आहे: लाखो ते अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्याभोवती गरगरत आत पडणारा तापलेला वायू. एवढासा गाभा कधीकधी सगळ्या ताऱ्यांना झाकोळून टाकतो. म्हणून ‘सक्रिय दीर्घिकाकेंद्रक’ लिहा, आणि ‘दीर्घिकाकेंद्रक’ जोडूनच. सुटं लिहिलं की ‘सक्रिय’ दीर्घिकेला चिकटतं.

‘सक्रिय’ तसा कार्यकर्त्यांचा शब्द. ज्वालामुखीला आपण ‘जागृत’ म्हणतो, निजलेल्याला ‘सुप्त’, आणि अर्थाने तेच इथे नेमकं बसतं: आकाशगंगेच्या मध्यावरचं सुमारे ४० लाख सूर्यांचं कृष्णविवर सध्या सुप्तच आहे. पण ‘जागृत केंद्रक’ म्हटलं की पुणेकर नवस बोलायला निघतील. ‘सक्रिय’ रुळलाय, राहू द्या.

जागं आहे हे ओळखण्यात मात्र शब्दांची खरी परीक्षा. दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात) रुंद रेषा दिसल्या तर केंद्रकाचा पहिला प्रकार, फक्त अरुंद दिसल्या तर दुसरा. दुसऱ्यात बहुधा धुळीचा पडदा आड येतो. ती तापलेली धूळ अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) चमकते, आणि जोरकस क्ष-किरण बऱ्याचदा पडद्यातूनही बाहेर पडतात. एकाच खिडकीतून पाहणाऱ्याच्या हातून निम्मी मंडळी निसटतात. बीएल लॅसर्टी ही असंच केंद्रक असलेली दीर्घिका, पण १९२९मध्ये ती रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा म्हणून नोंदली गेली. ताऱ्याचं नाव तिला अजून चिकटलेलं आहे.

राहिला रेडिओ. मागे २८ फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ दुर्बीण आहे तिथे, प्रदर्शन बघायला गेलो होतो. ४५ मीटर व्यासाची तबकडी जवळून पाहिली तर नुसती तारांची जाळी, आरपार ढग दिसत होते. मीटरभर लांबीच्या लाटेला मात्र ती भिंतच. माहिती देणारा मुलगा ‘रेडिओ-लाऊड’ म्हणाला, तर शेजारच्या आजींनी विचारलं, “म्हणजे आवाज येतो का रे?” प्रश्न रास्त होता. आवाज नसतोच, रेडिओलहरी जोरदार असतात. म्हणून ‘रेडिओ-मुखर’ऐवजी मी ‘रेडिओ-प्रबळ’ लिहीन. उलट बाजूला ‘रेडिओ-मूक’ तर नकोच, कारण तीही थोडं पुटपुटतात. ‘रेडिओ-क्षीण’ बरं.

सेफर्ट, क्वेसार, ब्लेझर या सक्रिय केंद्रकांच्या प्रकारांच्या नावांची भाषांतरं करत बसू नका. आणि प्रकल्पात कुठे ‘बहुतरंगलांबी निरीक्षणे’ असेल तर तेवढं खोडून ‘वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर घेतलेली निरीक्षणे’ करा. तोंडी परीक्षेत पहिला शब्द मुलीला एका दमात म्हणता यायचा नाही.