पळवाट टूलमध्ये नको

अगं,

लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकल्यापासून तुमचा डीबगर, प्रोग्राममधल्या चुका शोधणारं टूल, मध्येच लटकतो, जुन्यावर तोच सुरळीत चालतो, आणि टीमने ठरवलंय की टूलमध्येच कर्नलची आवृत्ती तपासून ती लटकणारी वाट टाळायची. हे बरोबर आहे का, असं तू विचारलंस. नाही. त्याखाली तू लिहिलंयस, ‘कर्नलवाल्यांना सांगणारी मी कोण?’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाक.

टूल कुठेही न नोंदवलेल्या वागणुकीवर विसंबून होतं, म्हणून चूक आपलीच, हे तुझ्या सीनियरचं म्हणणं मला झोंबलं. लिनक्समध्ये नियम उलटा आहे आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तो वर्षानुवर्षं चढ्या आवाजात सांगत आलेत: कर्नल बदलल्यामुळे चालता प्रोग्राम मोडला, तर दुरुस्ती कर्नलने करायची. मॅन पेजमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, काय लिहिलंय ते नंतर. काल चालत होतं, आज चालत नाही, मधे फक्त कर्नल बदलला. रिग्रेशन म्हणतात ते हेच.

आरआर तुला माहीत असेल, मोझिलात घडलेला रेकॉर्ड-रिप्ले डीबगर, म्हणजे प्रोग्रामची धाव नोंदवून ती जशीच्या तशी पुन्हा चालवणारा. घटना नेमक्या त्याच जागी पुन्हा घडवण्यासाठी तो प्रोसेसरच्या काउंटरवर पार पडलेल्या सशर्त ब्रँच, म्हणजे अटीवरून वळणाऱ्या इन्स्ट्रक्शन, मोजतो. काउंटर भरला की इंटरप्ट, म्हणजे थांबण्याचा इशारा, येतो, पण किंचित उशिराने. म्हणून आरआर थोडं अलीकडेच थांबायला सांगतो आणि उरलेलं अंतर एकेक इन्स्ट्रक्शन चालवत गाठतो. २०१७ मध्ये, ४.१२ च्या वेळी, पर्फमध्ये, म्हणजे हे काउंटर सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागात, एक पॅच, कोडमधला बदल, आला. फक्त यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरचा कोड, मोजायला सांगितलेलं असताना, या उशिरामुळे काउंटर भरल्यावर घेतलेला नमुना कर्नलच्या हद्दीत पडला, तर तो टाकून द्यायचा. हेतू वाजवी होता: कर्नलमधले मेमरीचे पत्ते सामान्य वापरकर्त्याच्या हाती पडू नयेत. पण नमुन्याबरोबर सिग्नलही गळाला. आरआरला तो पत्ता नकोच होता, त्याला थांबवणारा सिग्नल हवा होता. आरआरच्या लोकांनी बिघाड नेमक्या कमिटसकट, म्हणजे कोडमधल्या त्या नोंदवलेल्या बदलासकट, कळवला आणि जुलैत तो पॅच मागे घेतला गेला. सुरक्षेसाठी केलेला बदल, एका डीबगरसाठी मागे! त्यांनी आरआरमध्येच गुपचूप काही जुळवून घेतलं असतं, तर कर्नलवाल्यांना हे कळलंही नसतं. म्हणून सांगतो, पळवाट टूलमध्ये टाकू नकोस.

‘आत्ता पळवाट टाकू, सवडीने कळवू,’ असंही टीम म्हणेल. ती सवड कधीच येत नाही, आणि उशीर तुझ्याच अंगावर येतो. कर्नलमध्ये नवे बदल घेण्याच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोनंतर साधारण सात आरसी, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्या, निघतात. तिसऱ्या आरसीत सापडलेला कमिट मागे घेणं सोपं असतं. दोन वर्षांनी त्याच नव्या वागणुकीवर दुसरा एखादा प्रोग्राम उभा असेल, आणि मग तोच नियम त्याची बाजू घेईल. तेव्हा तू कितीही खरी असलीस तरी उपयोग नाही.

मी इतका ताणतो, कारण मी दुसरी बाजू जगलोय. एका नोकरीत टूलच्या कोडमध्ये आवृत्ती तपासणाऱ्या अटींची रांग लागली होती. कुठली अजून लागते, कुठली काढता येईल, कुणालाच माहीत नव्हतं. आणि आकड्यावरून कळतं तरी काय? रेड हॅट ७ चा कर्नल स्वतःला ३.१० म्हणवायचा, आत मात्र पुढच्या कितीतरी आवृत्त्यांमधले पॅच मागे आणून भरलेले. माझा विरोध नोंदवला गेला आणि अटी वाढत राहिल्या. त्या वर्षांची खंत अजून जात नाही. पुढे दुसरीकडे मी अडून बसलो, रिलीज लांबली, हट्टी म्हणून नाव पडलं. हट्ट होताच. त्या टूलमध्ये तसली एकही अट शिरली नाही, आणि आजही मी तसाच अडून बसेन.

तेव्हा कामाला लाग. डिस्ट्रोचा, म्हणजे रेड हॅटसारख्यांनी बदलून दिलेला, कर्नल बाजूला ठेव, बाहेरून जोडलेली मॉड्यूल काढ आणि ताज्या मेनलाइनवर, म्हणजे टोरवाल्ड्सच्या मूळ कर्नलवर, बिघाड दाखव. तुमचा अख्खा डीबगर कुणी चालवून बघणार नाही. पीट्रेसच्या, म्हणजे डीबगर दुसऱ्या प्रोग्रामवर ताबा ठेवायला वापरतो त्या सोयीच्या, चार कॉलमध्ये बिघाड दिसेल असा छोटा सी प्रोग्राम लिही. हेच सगळ्यात कठीण काम आहे, इथे घाई करू नकोस. मग गिट बायसेक्ट, म्हणजे मधला कमिट तपासत बिघाड आणणारा कमिट शोधणं. दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार कमिट असतात, पण दर वेळी निम्मे बाद होतात, म्हणजे चौदाएक बिल्डमध्ये गुन्हेगार सापडतो. लोकलमॉडकॉन्फिग वापरून तुझ्या मशीनला लागतात तेवढीच मॉड्यूल ठेवलीस तर बिल्डही लवकर होतील. सापडलेला कमिट ताज्या कर्नलवर उलटवून बघ. बिघाड गेला तर शंकेला जागा उरत नाही.

मग त्या कमिटच्या लेखकाला आणि मेंटेनरना, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्यांना, साध्या मजकुरातली मेल लिही: शेवटची चांगली आवृत्ती, पहिला वाईट कमिट, छोटा प्रोग्राम. माफी मागत सुरुवात करू नकोस, आरोपही नको. ‘टूलमध्ये बदलता येणार नाही का?’ असं कुणी विचारेलच. लोकांकडे आधीच बसवलेली जुनी टूल त्याने दुरुस्त होत नाहीत, एवढंच शांतपणे सांग. आठवडाभर उत्तर नाही आलं तर पुन्हा लिही. दुरुस्ती झाली की तोच छोटा प्रोग्राम कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चाचण्यांत, घालायला पाठव.

टीमशी आज बोलून घे, आणि ती अट अजून मर्ज झाली नसेल तर थांबव. कमिट सापडला की मेलचा मसुदा मला दाखव, मी लगेच वाचून देतो.