डबे फेकू नका, आधी पिशवीची सवय लावा

घरातले सगळे प्लास्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्या आणायच्या म्हणताय, तो बेत आधी थांबवा. घरातलं प्लास्टिक कमी करायला निघालेली नवीन मंडळी बहुतेक इथेच चुकतात. आहेत ते डबे डाळी-कडधान्यांना फुटेपर्यंत वापरा, फक्त गरम आमटी त्यांत ओतू नका.

पहिला महिना एवढंच करा:

– जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवून घ्या. एक दारामागच्या खिळ्याला, एक गाडीच्या डिकीत.
– मासे, मटण, पनीर आणायला स्टीलचा डबा. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायला सांगा, म्हणजे वजनावरून वाद होत नाही. आमच्या मासेवाल्या मावशी आता डब्यासाठी स्वतःच हात पुढे करतात.
– दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका. तो नखाएवढा तुकडा सुटला की गटारात जातो, वेचणाऱ्यांच्या हातीही लागत नाही. चीर द्या, तुकडा लटकता ठेवा. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून भंगारात द्या.

दुकानातल्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांना फसू नका. त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. उन्हात राहिल्या की भुगा होतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये पिशवीबंदी आली, तरी भाजीवाला पातळ पिशवी फुंकर मारून उघडतोच. त्याच्या आधी आपली उघडून धरायची.

शाम्पू, सॅनिटरी पॅड, कंपोस्ट यांचं नंतर बघू. मधेच एखाद दिवशी पिशवी विसरलात तर खट्टू होऊ नका, दुसऱ्या दिवशी न्या.