बोटीच्या एंजिनाचा कार्बोरेटर किट टाकून दुरुस्त करावा की नवाच घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे की पानशेतच्या जलाशयावर चालणारे आपले 15 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) एंजिन पावसाळ्यानंतर चोक ओढल्याशिवाय टिकत नाही, रेस दिली की गुदमरून बंद पडते, आणि मेकॅनिक म्हणतो की अख्खा कार्बोरेटरच (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करून एंजिनाला देणारा भाग) बदला. मी पुण्यात राहतो आणि आमची बोटही त्याच पाण्यावर असते, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्बोरेटर उघडून त्याची धातूची बॉडी पाहिल्याशिवाय हा निर्णय कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किटमध्ये गॅस्केट, ओ-रिंग, फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, आणि बहुधा तिचे सीट (बैठक) एवढेच येते; म्हणजे रबर आणि लहान सुटे भाग नवे होतात, धातू मात्र जुनाच राहतो. तो शाबूत असेल तर नव्या कार्बोरेटरवर केलेला खर्च वाया जातो, आणि तो खराब झालेला असेल तर किट कितीही उत्तम असले तरी उपयोग होत नाही.

त्याआधी एक सोपी परीक्षा करून घ्यावी. एंजिन गुदमरू लागले की टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहावा. त्याने एंजिन सुधारले, तर दोष बहुधा फ्युएल पंपाच्या पडद्यात, नळीत किंवा फिल्टरमध्ये असतो आणि कार्बोरेटरला हात लावण्याची गरजच उरत नाही.

फरक पडला नाही, तर कार्बोरेटर उतरवून तळाची वाटी उघडावी. आमच्या एंजिनाची वाटी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा तळाशी पिवळसर चिकट थर होता, आंबूस वास येत होता, आणि पायलट जेट (संथ गतीला पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तोंड) खिडकीकडे धरून पाहिला तर त्यातून उजेडाचा ठिपकाही दिसत नव्हता. पावसाळ्यात बोट चार महिने उभी राहिली आणि वाटीतले पेट्रोल तसेच राहिले, की असे होणारच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, पाण्याचे प्रमाण वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन पाण्यासह तळाशी बसते, आणि तिथे ॲल्युमिनियम गंजू लागते. जुने रबरही त्यात फुगते, म्हणून किट घेताना ते इथेनॉलला चालणारे आहे ना, हे विचारून घ्यावे.

चिकट थर आणि तुंबलेले जेट एवढाच दोष असेल, तर निःशंकपणे किट टाकावे. जेट क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने मोकळे करावेत, त्यांत तार घालू नये. पितळ मऊ असते आणि भोक किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच ठेवावी. शेवटी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून हलकेच हवा फुंकावी. नीडल नीट बसली असेल तर हवा आत जात नाही.

वाटीत किंवा नीडलच्या बैठकीजवळ पांढरी भुकटी असेल आणि ती पुसल्यावर खाली खड्डे दिसत असतील, तर मात्र बॉडी गेली असे समजावे. दुसरी खूण थ्रॉटलच्या शाफ्टची, म्हणजे रेस देताना हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीची आहे. तो दोन बोटांत धरून वर-खाली हलवावा. खुळखुळत असेल तर भोक झिजलेले असते आणि तिथून जादा हवा आत शिरते. माझ्याकडून हीच चूक झाली होती. शाफ्ट ढिला आहे हे दिसत असूनही मी किटवर भागवले, दोन-तीन आठवडे एंजिन बरे चालले, आणि एका दुपारी धरणाच्या मध्यावर पिस्टन चिकटला. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑईल पेट्रोलबरोबरच आत जाते. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडले की उष्णता वाढते आणि नेमके त्याच वेळी वंगणही घटते. त्या दिवशी वल्ही मारत काठ गाठावा लागला, बरोबर लहान मुले होती, आणि ती भीती मी अजून विसरलेलो नाही.

नवा घ्यायचा ठरल्यास एंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरून मूळ कंपनीचाच घ्यावा. नाना पेठेत दुचाकीचे सुटे भाग मुबलक मिळतात, पण आटे जुळले म्हणून तिथला जेट या एंजिनात बसवू नये. दिसायला हुबेहूब असलेल्या स्वस्त नकली कार्बोरेटरमध्येही जेटचे माप वेगळे असू शकते.

दोन्हींपैकी काहीही केले तरी पहिली फेरी काठाजवळच मारावी आणि परतल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा. तो तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरा पडला असेल तर हवा कुठून शिरते हे सापडेपर्यंत बोट पाण्यात नेऊ नये. आपण वाटीच्या आतल्या बाजूचा स्वच्छ फोटो आणि एंजिनाचे मॉडेल इथे दिलेत, तर मी पाहून नक्की सांगेन.