महालातला वाडा, नामंजुरीचं पत्र अन् 40 दिवस

नागपुरातल्या महाल भागातून एका भाऊंनी लिहिलंय. खापरपणजोबांनी बांधलेला वाडा, मनपाच्या हेरिटेज यादीत नाव, तिघं भाऊ वाटेकरी. पाडून फ्लॅट स्कीम करायची म्हणून अर्ज टाकला, हेरिटेज समितीने विरोध केला अन् मनपाने परवानगी नाकारली. आता सात महिन्यांनी विचारून राहिले की दिवाणी कोर्टात दावा टाकून स्टे मिळेल का. महाल, इतवारी, बुधवारी, सगळीकडून हेच विचारतात लोक, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

वाडा म्हणजे वारसा की डोक्याला ताप, त्यात मी पडत नाही. तुमचं सगळं एका तारखेवर अडलंय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 47. परवानगी नाकारली की 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील. आणि हे 40 दिवस आदेशावरच्या तारखेपासून नाही, आदेश तुम्हाला कळवला तेव्हापासून मोजतात. तुम्ही लिहिता पत्र आलं होतं, कपाटात ठेवलं. अहो, लग्नाची पत्रिका होती का ती? पोस्टमनच्या कागदावर सही कोणाची आहे ते आधी सांगा, तुमची की खालच्या किराणावाल्या भाडेकरूची. लिफाफा फेकला नसेल तर शोधा, रजिस्ट्रीचा नंबर त्याच्यावरच असतो. भाडेकरूने घेऊन तुमच्या हातात उशिरा दिलं असेल तर बोलायला थोडी जागा आहे, तुम्हीच सही केली असेल तर मुदत गेली असं धरूनच चला. उशीर माफ होईल का? अर्ज करून पाहता येईल, पण शासन म्हणजे कोर्ट नाही, कोर्टात उशीर माफ करायचं मुदत कायद्याचं कलम 5 तिथे चालेलच असं मी लिहून देणार नाही.

दिवाणी दाव्याचा नाद सोडा. कलम 149 वाचा, या कायद्याखालच्या आदेशाला दाव्यात आव्हान देता येत नाही. तरी लोक दावे टाकतात अन् तारखांवर तारखा घेत बसतात, तोवर मागची भिंत पावसात बसते. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट टाकता येते, पण तिथे पहिला प्रश्न हाच की बाबा अपील का नाही केलं.

त्यापेक्षा कलम 44 खाली नवा अर्ज करा, पण वेगळ्या प्रस्तावाचा. समिती नेमकं काय धरून बसलीये ते समजून घ्या. भोसल्यांचा राजवाडा 1864 मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला, त्यामुळे त्या जुन्या धाटणीचं सागवानी काम आता तुमच्यासारख्यांच्या खाजगी वाड्यातच पाहायला मिळतं. देवडी, चौकाभोवतीचे खांब, रस्त्याकडची गॅलरी, हे पाडतो म्हटलं की नकार येणारच. पण मागचं टिनाचं अन् विटांचं नंतर जोडलेलं बांधकाम जुनं नाही हे नकाशा अन् फोटोंनी दाखवलं तर तिथे नवं काही बसवायला वाव निघू शकतो. किती, ते हेरिटेज यादीत तुमच्या वाड्याला दिलेल्या ग्रेडवर. ग्रेड एक असेल तर मजबुतीच्या कामापलीकडे फारसं काही नाही, ग्रेड तीन असेल तर बरंच. टीडीआरचंही (इथे वापरता न आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची सोय) विचारा, अटींवर आहे, मी हवेत आकडा देत नाही. अन् आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, तिघांची नावं असतील तर अर्जावर तिघांच्या सह्या लागतील, पुण्याच्या भावाला फोन करा.

आता तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंय ते. माडीचा नक्षीचा कठडा काढून विकायला दिला म्हणे! वाड्याचा काही भाग पाडणं हाही या कायद्यात विकासच, विनापरवानगी केला तर कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आहे. कबाडीवाल्याकडे अजून असेल तर आजच घेऊन या अन् जिथला तिथे बसवा, नव्या अर्जासोबतच्या फोटोत तो दिसला पाहिजे.